अर्धवेळ कला, अर्धवट शिक्षण

शाळेच्या वेळापत्रकात कोणत्या विषयाला कोणती जागा मिळते, हा वरवर पाहता मुख्याध्यापकांच्या सोयीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः समाजाने आपल्या मुलांविषयी मनात काय ठरवून ठेवले आहे, याचा तो लेखी पुरावा असतो. महाराष्ट्रातील बहुतेक अनुदानित माध्यमिक शाळांच्या भिंतीवरचे वेळापत्रक वाचले, तर हा पुरावा लपून राहत नाही. गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांना सकाळचे ताजे तास मिळतात. चित्रकला व गायन यांच्या वाट्याला दिवसाच्या शेवटचा तास येतो, आणि तोही परीक्षा जवळ आली की उसना घेतला जातो. उसना घेतलेला हा तास परत केल्याचे उदाहरण विरळाच. ज्या शाळेत संगीताचा शिक्षक कधीच नेमला गेला नाही तिथे तर उसने घेण्याचाही प्रश्न उद्भवत नाही. तिथे गायन म्हणजे सकाळच्या परिपाठात ध्वनिक्षेपकावर लावलेली प्रार्थना, आणि तिच्यासमोर ओठ हलवीत उभी असलेली मुले.

या गोष्टीची खंत करणारे बरेच आहेत. पण ती शिक्षणातल्या विषमतेची गोष्ट आहे असे मानणारे थोडे. चित्रकला आणि समूहगान हे हौसेचे विषय आहेत, ते असले तर उत्तम आणि नसले तर फारसे बिघडत नाही, अशी समजूत शासनात आहे, संस्थाचालकांत आहे, पालकांत आहे आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या चळवळींतही आहे. या समजुतीची किंमत मात्र सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ज्या घरात पेटी आहे, रंगपेटी आहे, शनिवारी क्लासला पोचविणारे वाहन आहे, त्या घरातील मुलाचे शाळेतला तास बुडाल्याने फारसे बिघडत नाही. ज्याच्या घरात यांपैकी काहीच नाही, त्या मुलाला कागद, रंग आणि सूर हाती देणारी जागा शाळा हीच एकमेव असते. तो तास बुडाला की त्याचे ते दार कायमचे बंद होते. म्हणून हा प्रश्न हौसेचा नाही, हक्काचा आहे.

कायद्यातील एक शब्द

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मान्य करणारा केंद्रीय कायदा २००९ साली संमत झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेला किती व कोणते शिक्षक असावेत याचे निकष दिले आहेत. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक असलाच पाहिजे, असे ते सांगते. ज्या शाळेत १०० हून अधिक मुले आहेत, तिथे पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा असेही सांगते. त्याच कलमात पुढे कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक असावेत अशी तरतूद आहे. पण हे निदेशक 'अर्धवेळ' असावेत.

या एका शब्दात सारे धोरण सामावले आहे. मुख्याध्यापक पूर्णवेळ, भाषा पूर्णवेळ, गणित पूर्णवेळ. हात, डोळा, कान आणि गळा मात्र अर्धवेळ. आणि हे अर्धवेळपणही १०० च्या वर पटसंख्या असलेल्या शाळांपुरतेच. वाडी-वस्तीवरील, पाड्यावरील, डोंगराळ भागातील ज्या शाळांचा पट या आकड्याला पोचत नाही, तिथल्या मुलांना कायद्याने अर्धा कलाशिक्षकही देऊ केलेला नाही. शिवाय हा कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांपुरता आहे. नववी-दहावीचे वर्ग, म्हणजे ज्याला लोक खऱ्या अर्थाने हायस्कूल म्हणतात ते वर्ग, त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तिथे शिक्षकांची पदे पटसंख्येच्या हिशेबाने संचमान्यतेत ठरतात, आणि या हिशेबात सर्वांत आधी काट बसते ती विशेष शिक्षकांवर. चित्रकलेचे सर निवृत्त होतात, त्यांना नारळ आणि शाल मिळते, निरोपाच्या भाषणात त्यांच्या रांगोळ्यांची आणि फलकलेखनाची तारीफ होते. आणि त्यांची जागा पुन्हा भरली जात नाही. त्यांच्या कपाटाची किल्ली कार्यालयात जमा होते. पुढे त्यांचा तास कधी मराठीच्या बाई घेतात, कधी शारीरिक शिक्षणाचे सर घेतात, आणि कधी कोणीच घेत नाही.

अर्धवेळ निदेशकाची अवस्था याहून वेगळी नाही. ए.टी.डी. किंवा संगीत विशारद होऊन आलेला तरुण तासिकेच्या हिशेबाने मानधन घेतो, दोन-तीन शाळांत धावत फिरतो, सुट्टीच्या महिन्यांत रिकामा राहतो, आणि पुढच्या वर्षी आपण असू की नसू हे त्याला ठाऊक नसते. मुलाचा आवाज ओळखायला किंवा त्याच्या रेषेतील फरक ध्यानात यायला जो दीर्घ सहवास लागतो, तो या व्यवस्थेत मिळणार कुठून? शिक्षकाला अस्थिर ठेवणे आणि विषयाला दुय्यम ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकीच्या पोटातून दुसरी जन्माला येते.

कागदावरील कौतुक

कलाशिक्षणाची महती सांगणाऱ्या कागदपत्रांची या देशात कधीच वाण नव्हती. १९३७ साली वर्धा येथे नई तालीमचा विचार मांडला गेला, आणि झाकिर हुसेन समितीने तयार केलेल्या अभ्यासक्रमात हस्तोद्योगाच्या बरोबरीने चित्रकला व संगीत यांना स्थान होते. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षणाचे जे सात विविध गट सुचविले, त्यांत ललित कलांचा एक स्वतंत्र गट होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विज्ञान आणि कला, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामधील भिंती पाडण्याची भाषा केली. २०२३ च्या शालेय आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्र म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात नववी-दहावीसाठी 'स्वविकास व कलारसास्वाद' नावाचे पाठ्यपुस्तकही निघाले.

तेव्हा विचारांची टंचाई नाही. टंचाई आहे ती शिक्षकाची, खोलीची आणि कागद-रंगांची. ज्या शाळेत वर्षानुवर्षे चित्राची एक प्रतिकृती भिंतीवर लागली नाही आणि गाणे शिकविणारे कोणी आले नाही, तिथे कलारसास्वादाचे पुस्तक वाचून रसास्वाद कसा घडावा? तो धडा वाचून घेतला जातो, त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे लिहून घेतली जातात आणि श्रेणी भरली जाते.

अलीकडे 'कला-एकात्म शिक्षण' या शब्दाचा बराच बोलबाला आहे. गाण्यातून पाढे, चित्रांतून भूगोल, नाट्यातून इतिहास शिकवावा, असा त्याचा आशय. कल्पना वाईट नाही. अनेक चांगले शिक्षक हे कोणत्याही धोरणाची वाट न पाहता करीत आले आहेत. परंतु ज्या काळात कलाशिक्षकाची जागा रिकामी होत आहे, त्याच काळात कला सर्व विषयांत विरघळवून टाकण्याचा आग्रह धरला जावा, हा योगायोग डोळसपणे पाहायला हवा. जी गोष्ट सर्वांची जबाबदारी होते, ती पुष्कळदा कोणाचीच जबाबदारी राहत नाही. कलेने गणिताला मदत करावी, हे ठीक. पण कलेचे अस्तित्व इतर विषयांची मोलकरीण म्हणूनच मान्य करणे, हे कलाशिक्षण नव्हे. गणिताचा तास काढून टाकून 'गणित चित्रकलेतून शिकवा' असे कोणी म्हणत नाही.

गुणांचा बाजार

या सर्वांतून चित्रकला काही प्रमाणात तगली ती शासकीय रेखाकला परीक्षांमुळे, हे मान्य केले पाहिजे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षांनी महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची शिस्त लावली. खेड्यातील एखादे शेतमजुराचे पोर या परीक्षेमुळे तालुक्याच्या गावी प्रथमच गेले, आणि त्याला पुढे कला महाविद्यालयाची वाट दिसली, अशी उदाहरणे थोडी नाहीत. गावागावांतले फलक रंगविणारे पेंटर, छापखान्यांतील अक्षररचनाकार, मूर्तिकार, नेपथ्यकार यांच्या हाताला पहिले वळण पुष्कळदा याच परीक्षांनी दिले आहे.

तथापि या परंपरेचे मूळही तपासायला हवे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाले, तेव्हा इथल्या कारागिराला अचूक रेखाटन शिकवून उद्योगाच्या उपयोगी पाडणे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. हुबेहूबपणा, मोजमाप आणि स्वच्छ काम हे गुण त्यातून आले. ते टाकाऊ नाहीत. पण मुलाने स्वतःचे जग स्वतःच्या रेषेत मांडावे, हा हेतू त्या मुशीत दुय्यम राहिला, आणि तो वारसा अजून पुरता सुटलेला नाही. पालघर-डहाणूच्या पट्ट्यातील आदिवासी मुलीने शाळेत यावे आणि घडा, वाटी व फळे यांची छायांकित प्रतिकृती काढताना हात थरथरतो म्हणून कमी श्रेणी घेऊन परत जावे. आणि तिच्या घरच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची कला मात्र शहरांतील दालनांत चौकटीत बसून विकली जावी, ही विसंगती कोणत्याही संवेदनशील माणसाला अस्वस्थ करणारी आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण त्या सन्मानाने वारली मुलांच्या शाळेतील चित्रकलेचा तास किती बदलला, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

त्यात भर पडली ती वाढीव गुणांची. इंटरमीजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना, तसेच शास्त्रीय संगीत, नृत्य व लोककला यांत प्रावीण्य दाखविणाऱ्यांना, दहावीच्या निकालात वाढीव गुण देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. हेतू उत्तेजनाचा होता. परिणाम असा झाला की ज्या विषयाला शाळेत शिक्षक नाही, त्याला बाहेर खाजगी वर्ग निघाले. संकल्पचित्राचे ठरीव नमुने गिरवून घेणारे वर्ग, परीक्षेपुरते राग घोटवून घेणारे वर्ग. पैसे भरू शकणाऱ्याने गुण विकत घ्यावे आणि न भरू शकणाऱ्याने गुणवत्ता यादीत आणखी चार पायऱ्या खाली उभे राहावे, असा हा व्यवहार आहे. शाळेत शिक्षक न देता परीक्षेत गुण देणे म्हणजे विहीर न खोदता पाण्यावर बक्षीस लावणे. ज्याच्या अंगणात आधीच विहीर आहे, तोच ते बक्षीस नेणार.

झीलकऱ्यांची परंपरा

चित्रकलेला निदान परीक्षेचा आधार आहे. समूहगानाला तोही नाही. आणि शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत स्वस्त, सर्वांत समावेशक आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित असा हाच विषय आहे.

महाराष्ट्राला समूहाने गाणे परके नाही. शाहीर पोवाडा उभा करतो तो मागच्या झीलकऱ्यांच्या बळावर. झील धरणारा नसेल तर शाहिराचा श्वास तुटतो. दिंडीतील टाळकरी, जात्यावर एकीने म्हटलेली ओळ उचलून पुढे नेणारी दुसरी, गोंधळात संबळाच्या साथीला येणारे सूर, ही सारी समूहगानाचीच रूपे होत. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी हीच रूपे उचलून त्यांतून नवा आशय गावोगाव नेला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावाला आणि नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला आवाज दिला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापटांसारखा कवी लिहिता-गाता झाला, आणि निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत घडले. अण्णाभाऊंना शाळेचा लाभ जवळजवळ झालाच नाही, हे सर्वश्रुत आहे. पण ही गोष्ट शाळेच्या निरुपयोगाचा दाखला म्हणून सांगण्याची रीत चुकीची आहे. अण्णाभाऊ शाळेवाचून मोठे झाले, हा त्यांचा पराक्रम होय; शाळेने त्यांच्यासारख्यांना आत घेतले नाही, हा शाळेचा कमीपणा होय.

शालेय संगीताची रीतसर वाट मात्र दुसऱ्या बाजूने आली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. दरबाराच्या आणि घराण्याच्या कोंडीतून संगीत बाहेर काढून ते नियमित वर्ग, अभ्यासक्रम आणि स्वरलिपी यांच्या आधारे सामान्य मध्यमवर्गापर्यंत पोचविणे, हे त्यांचे कार्य क्रांतिकारकच म्हटले पाहिजे. त्यापूर्वी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा चालविली होती. पण संगीताला प्रतिष्ठा मिळवून देताना या चळवळीने प्रतिष्ठेची जी चाळणी लावली, तिच्यातून लावणी, पोवाडा, गोंधळ, जागरण ही श्रमिकांची गाणी खाली गळून पडली. पुढे परीक्षांचे जाळे पसरले ते मुख्यतः एकट्याने गाण्याचे. प्रवेशिका ते विशारद हा एकेकट्याच्या प्रगतीचा जिना आहे. वर्गातील साठ मुलांनी एकत्र कसे गावे, याचे शास्त्र त्यात फारसे नाही. परिणामी शाळेतही 'ज्याचा गळा गोड, तो पुढे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवा' हीच रीत रूढ झाली. स्नेहसंमेलनात तीच दहा मुले दरवर्षी रंगमंचावर दिसतात, आणि 'तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव' हे वाक्य ऐकलेली माणसे पुढे आयुष्यभर गप्प राहतात.

समूहगान हे शास्त्र आहे; नुसता कल्ला नव्हे. मुलींना सहज पेलणारी पट्टी आणि मोठ्या पुरुषांची पट्टी यांत बरेच अंतर असते. शिक्षक आपल्या पट्टीत गाणे सांगू लागला की अर्धा वर्ग आपोआप बेसूर ठरतो, आणि दोष मुलांना दिला जातो. तेरा ते पंधरा या वयात मुलांचा कंठ फुटतो, आवाज खाली घसरतो, मध्येच चिरकतो. या काळात त्याला मोजक्या स्वरांत, खालच्या सप्तकात सांभाळून गाऊ द्यावे लागते. हे न जाणणाऱ्या शाळेत मुलगे नेमके याच वर्षी गाण्यातून बाद होतात. गाणे ही मुलींची बाब ठरते, आणि पुरुषाने गाऊ नये या समजुतीवर आणखी एक थर चढतो. षड्ज कानात मुरवणे, एकाने ओळ सांगून दुसऱ्या गटाने ती उचलणे, स्वतःचा आवाज दाबून शेजाऱ्याचा ऐकणे आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळणे, या गोष्टी शिकवाव्या लागतात. त्यांना वेळ आणि जाणता शिक्षक हवा. पेटी आणि ढोलकी यांपलीकडे मोठे साहित्य लागत नाही.

या शिकण्यात नागरिकत्वाचा जो पाठ दडलेला आहे, तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. समूहात गाणाऱ्या मुलाला दोन गोष्टी एकाच वेळी कळतात. आपल्यावाचून गाणे अपुरे आहे, आणि आपण एकटेच ओरडलो तर गाणे बिघडते. लोकशाहीची याहून सोपी व्याख्या शोधूनही सापडणे कठीण.

एक सावधगिरी

अर्थात समूहगानाचा महिमा गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. एका सुरात गाणे आणि एका हुकमात चालणे यांत फरक आहे, आणि सत्ताधारी, मग ते कोणत्याही रंगाचे असोत, हा फरक पुसून टाकण्याचा प्रयत्न करतात. शाळेच्या मैदानावर हजारो मुलांना उन्हात उभे करून विक्रमासाठी गाणे म्हणवून घेणे हे कलाशिक्षण नव्हे; ती कवायत झाली. गाण्यांची निवड वरून आलेल्या परिपत्रकाने होऊ लागली, आणि न गाणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तर समूहगान हे मुक्त करणारे साधन न राहता वेसण होऊन बसेल. म्हणून शाळेच्या गाण्यांत या राज्यातील सर्व बोलींना, सर्व धर्मांच्या मुलांना, शेजारच्या भाषांना जागा हवी. साने गुरुजींनी मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेचा शालेय अर्थ हाच आहे.

दुसरेही एक भान हवे. एकत्र गायल्याने माणसे आपोआप समान होत नाहीत. एकाच अभंगाच्या गजरात शतकानुशतके चालत आलेल्या सर्वांना पंढरपूरच्या मंदिराचे दार सारखे उघडे नव्हते. ते उघडावे यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. गाणे समतेची सवय लावते. समता मिळवण्यासाठी लढावेच लागते. पण ज्यांनी एकमेकांचा आवाज कधी ऐकलाच नाही, ते एकमेकांसाठी लढतील तरी कसे?

आधी वाचन, मग रंग?

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हेटाळणीने उडवून लावण्यासारखा नाही. 'असर'चे अहवाल २००५ पासून सांगत आले आहेत की पाचवीतील कित्येक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही नीट वाचता येत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी वाचन द्यावे, रंग आणि सूर नंतर पाहू, असे म्हणणारे सर्वच गरिबांचे वैरी नाहीत. मजूर आई-बापही पुष्कळदा हेच म्हणतात, कारण मुलाच्या शिक्षणावर त्यांनी आपले सर्वस्व लावलेले असते.

पण या युक्तिवादाला व्यवहारानेच उत्तर दिले आहे. चित्रकलेचे आणि गायनाचे तास वर्षानुवर्षे गणिताला आणि इंग्रजीला दिले गेले, तरी त्या विषयांची अवस्था सुधारल्याचे चित्र दिसत नाही. कारण वाचन मागे पडले ते रंगांमुळे नव्हे. ते मागे पडले रिकाम्या पदांमुळे, अशैक्षणिक कामांच्या ओझ्यामुळे, भरगच्च वर्गांमुळे आणि घरच्या दारिद्र्यामुळे. हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या विचारावर १९५० साली केचकेमेत गावी जी गायनप्रधान प्राथमिक शाळा निघाली, तिथे मुले रोज गात. इतर विषयांतून वेळ काढून गाण्याला दिला, म्हणून ती मुले मागे पडली नाहीत. उलट त्या शाळेच्या धर्तीवर त्या देशात आणखी शाळा निघाल्या. आणि सर्वांत बोलका पुरावा तर समोरच आहे. ज्यांच्या मुलांपुढे स्पर्धेचे भविष्य आहे असे संपन्न पालक स्वतःच्या मुलांसाठी कोणती शाळा निवडतात? जिथे संगीताची स्वतंत्र खोली आहे, मातीकामाची भट्टी आहे, नाट्यगृह आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर अशा शाळांचा मार्ग अधिकच मोकळा झाला, आणि त्यांच्या जाहिरातीत या सोयी ठळकपणे छापल्या जातात. कला ही चैन असती, तर ज्यांना परवडते त्यांनी ती मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवली नसती. तेव्हा 'आधी वाचन, मग रंग' हा नियम गरिबांच्या मुलांपुरताच लागू आहे. आणि जो नियम फक्त गरिबांना लागू असतो, त्याला नियम न म्हणता अन्याय म्हणावे.

शिवाय हात आणि डोळा यांचे शिक्षण श्रमिकाच्या मुलाला अनाठायी आहे, हेही खोटे. जोडारी, सुतारकाम, शिवणकाम, गवंडीकाम, छपाई यांत कुशल व्हायचे तर आराखडा वाचता आणि काढता यावा लागतो. मात्र एवढ्याच कारणासाठी चित्रकला हवी असे म्हणणे म्हणजे पुन्हा वसाहतकाळातील हेतूकडे परतणे होय. श्रमिकाच्या मुलाला चित्र हवे ते चांगला कामगार होण्यासाठीच नव्हे. त्याला ते हवे कारण तो माणूस आहे, आणि आपले जगणे स्वतःच्या रेषेत पाहण्याचा त्यालाही अधिकार आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

या प्रश्नावर कार्यकर्त्यांची आजवरची भूमिका समाधानकारक नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. शिक्षक संघटनांनी पदांसाठी मोर्चे काढले, ते योग्यच झाले. पण मुलांच्या तासिकेसाठी मोर्चा निघाल्याचे आठवत नाही. मेळाव्याच्या आरंभी गाणे हवे असते. पण गाणारी पुढली पिढी कुठे घडते, याचा विचार कोणी करीत नाही. कलापथके विझत चालली याबद्दल हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की कलापथकाचे रोप शाळेतच लागते.

मागण्या अवघड नाहीत. कायद्याच्या परिशिष्टातील 'अर्धवेळ' हा शब्द जाऊन पूर्णवेळ कला व संगीत शिक्षकाची तरतूद व्हावी. जिथे पट कमी आहे तिथे शाळांच्या समूहामागे का होईना, कायम वेतनावरील शिक्षक नेमला जावा. हीच तरतूद नववी-दहावीलाही लागू व्हावी. निवृत्तीने रिकाम्या झालेल्या जागा त्याच विषयाच्या शिक्षकाने भरल्या जाव्यात. पाठ्यपुस्तकांप्रमाणे चित्रकलेची वही व रंगही मोफत मिळावेत, म्हणजे रंगपेटी आणली नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे राहावे लागणार नाही. वाढीव गुण द्यायचेच असतील, तर ज्या शाळेत शिक्षक दिला नाही तिथल्या मुलांचे काय, याचे उत्तर शासनाने आधी द्यावे. आणि गावातील शाहीर, भजनी मंडळाचा पखवाजी, चौक लिहिणाऱ्या स्त्रिया, कुंभार, पेंटर यांना सन्मानाने व मोबदला देऊन शाळेत बोलवावे. मात्र नेमलेल्या शिक्षकाला स्वस्त पर्याय म्हणून नव्हे, तर त्याच्या जोडीला.

शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे आणि तीत पालकांचे बहुमत आहे. आठवड्यातील कलेची तासिका कोणी उसनी घेतली, याची नोंद ठेवण्यास ती सांगू शकते. कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील दहा शाळांची वेळापत्रके मिळवून पाहावी. कला आणि संगीत यांच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरलेल्या आहेत, किती तास प्रत्यक्षात होतात हे तपासावे, आणि ती माहिती पालकांपुढे, शिक्षणाधिकाऱ्यांपुढे मांडावी. हे काम दिसायला लहान आहे. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न लहान नाही. बोलण्याचा अधिकार राज्यघटनेने सर्वांना दिला; ज्याला आपला सूर कधी सापडलाच नाही, त्याने तो वापरावा कसा? शाहिरामागे झील धरणारे उभे नसतील तर पोवाडा पुरा होत नाही. आणि झील धरायला आधी गळा मोकळा व्हावा लागतो. तो मोकळा करण्याचे काम हायस्कूलच्या त्या शेवटच्या तासाचे आहे, म्हणून तो तास परत मिळवला पाहिजे.